ठेवल्याची चिठ्ठी

लिओन्तिना कोझ्मेई बाईंचा एक नियम होता, आणि तो त्या कुणी विचारो न विचारो, ऐकवत असत. कागदावर आहे तेवढंच भाषांतरात येईल, पदरचं एक अक्षर मिळणार नाही. इटलीला नाहीतर इंग्लंडला निघालेली माणसं जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, शाळेचे कागद घेऊन त्यांच्याकडे यायची. त्यातलं एखादं हळूच म्हणायचं, बाई, एवढ्या चार इयत्तांच्या आठ करा की, तिकडे कोण बघायला बसलंय. बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत. "मी भाषांतर करते, जादू करत नाही," म्हणत, आणि गोल शिक्का खणात टाकून खण बंद करत. तो खण बंद झाल्याचा आवाज सिरेत नदीच्या काठी सगळ्यांच्या ओळखीचा होता.

सगळे त्यांना बाईच म्हणत. निम्म्या गावाला त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला शिकवायचा प्रयत्न केला होता. त्यामुळे समोरच्या नोटरीपासून पोस्टमनपर्यंत कुणालाही अरेतुरे करायचा हक्क आपल्याला आहे असं त्या धरूनच चालत. वय सदुसष्ट, पाठ ताठ, लग्न केलेलं नाही. चार मजली इमारतीत तळमजल्याला त्यांचं घर होतं आणि रस्त्याकडच्या खोलीत कचेरी. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, कॉम्प्युटर आणि एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी. तिची पाठ तीनदा चिकटवून झाली होती, पण नवी घ्यायचं नाव बाई काढत नव्हत्या.

मार्चमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता तेव्हा, पारास्कीवा पहिल्यांदा त्यांच्याकडे आली. साठीच्या आतबाहेरची खेड्यातली बाई, डोक्याला काळा रुमाल, हातात अंड्यांची पिशवी. तिनं बूट दाराबाहेर काढले आणि पायमोज्यांवर आत येऊन उभी राहिली. बाईंनी बस म्हटलं तरी खुर्चीच्या कडेवरच बसली. मग कोटाच्या आतून एक रुमाल काढला, त्याची गाठ दातांनी सोडली आणि आतलं पाकीट टेबलावर ठेवलं. पाकीट इंग्लंडहून आलेलं होतं, कडेनं नीट कापलेलं.

"माझ्या लेकीचं आहे," ती म्हणाली. "पोस्टमन म्हणाला, बाईंकडे जा. मला यातलं फक्त माझं नाव वाचता आलं."

बाईंची पद्धत होती, आधी मनात वाचायचं, मग मोठ्यानं. मुलगी लीड्स नावाच्या शहरात राहत होती. आता तिचं नाव क्लेअर होतं, पण जन्माचं नाव ओतिलिया हे तिला माहीत होतं. वय बत्तीस. आईबापांचा शोध लावून देणाऱ्या एका संस्थेकडून तिला हा पत्ता मिळाला होता. तिला वाढवणारी माणसं चांगली होती, तिला काही कमी पडलं नाही, तिला काही मागायचंही नाही. गेल्या वर्षी तिला स्वतःला मुलगी झाली, आणि त्या बाळाला मांडीवर घेऊन बसलं की एकच प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून ती लिहीत होती. लहानपणापासून तिच्या कपाटात एक कागद होता. त्याची प्रत सोबत जोडली होती. त्या कागदात लिहिलंय ते खरं आहे का, एवढंच सांगा, खोटं सांगू नका.

बाईंनी पान उलटलं आणि ती प्रत पाहिली. मजकूर वाचायची गरजच पडली नाही. टाइपरायटरवर केलेलं काम होतं आणि त्यातलं प्रत्येक 'ई' ओळीच्या वर उडालेलं होतं. जुन्या राजवटीत टाइपरायटर घरी ठेवायचा तर दरवर्षी पोलिसांकडे अक्षरांचा नमुना द्यावा लागे, आणि तिथला हवालदार दरवर्षी त्या 'ई'वरून चेष्टा करायचा, की बाई, तुम्ही सरकारविरुद्ध चिठ्ठी लिहिलीत तर आम्ही पाच मिनिटांत पकडू. खाली सही होती. एल. कोझ्मेई, शिक्षिका. सही तेव्हा आतापेक्षा सुंदर होती.

ती राजवट पडल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. गावाबाहेरच्या सरकारी पाळणाघरात, जिथे बाळं रात्रंदिवस राहत, परदेशी जोडपी मुलं दत्तक घ्यायला येऊ लागली होती, आणि गावात इंग्रजी येणारं माणूस एकच होतं. शाळेत बाकीचे सगळे फ्रेंच नाहीतर रशियन शिकवत. तुदोसे नावाचा एक वकील फायली घेऊन यायचा आणि लिओन्तिना रात्रंदिवस टाइप करायची. पाळणाघराच्या मुख्य बाईनं प्रत्येक फायलीत एकच वाक्य लिहिलेलं असायचं, आईनं मुलाला अमुक तारखेला पाळणाघरात ठेवलं. पहिल्या सहा फायलींत लिओन्तिनानं सरळ 'लेफ्ट' असं लिहिलं. दोन आठवड्यांनी तुदोसे त्या सहाही परत घेऊन आला. तिकडचे न्यायाधीश अडून बसले होते. ठेवलं म्हणजे कधीपर्यंत, असं ते विचारत होते. ठेवलेलं मूल न्यायला कुणीतरी येणार असतं. दुसरा शब्द नाही का तुमच्याकडे, तुदोसेनं विचारलं, जरा पक्का?

तिनं शाळेतली डिक्शनरी उघडली. 'लेफ्ट'च्या समानार्थी शब्दांत लगेच पुढचा शब्द होता, 'अबँडन्ड'. टाकून दिलेलं. दोन्ही शब्दांच्या मध्ये फक्त एक स्वल्पविराम होता. डिक्शनरीवाल्यांनाच जर ते शेजारी शेजारी चालतात, तर आपल्याला न चालायला काय झालं, असं तिनं स्वतःला समजावलं. शिवाय आदल्याच आठवड्यात ती दुभाषी म्हणून पाळणाघरात जाऊन आली होती. एका खाटेत दोन दोन मुलं होती आणि त्यातलं एकही रडत नव्हतं. ते न रडणं तिला फार लागलं होतं. एका शब्दानं ही मुलं उबदार घरात जाणार असतील तर जाऊ दे, असं म्हणून तिनं सहाही फायली पुन्हा टाइप केल्या, आणि पुढच्या सगळ्या तशाच. एकंदर त्रेचाळीस. एका जोडप्यानं जाताना टेबलावरची ही जाडजूड डिक्शनरी तिला भेट दिली. नाताळात दोन घरांतून कार्डं यायची, मुलांच्या फोटोंसकट. ती बाईंनी जपून ठेवली होती. आपण आयुष्यात एक मोठं चांगलं काम केलं असं त्या धरून होत्या, आणि त्या आधारावर त्यांची पाठ एवढी ताठ होती.

"वाईट आहे का काही?" पारास्कीवानं विचारलं. "आजारी आहे का?"

नाही, चांगली आहे, बाई म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. एकेक वाक्य घेत, सावकाश. नात झाल्याचं ऐकल्यावर पारास्कीवानं तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. नाव काय ठेवलंय, असं तिनं हातामागूनच विचारलं. नाव लिहिलेलं नव्हतं. मग ते वाक्य आलं. माझ्या कागदात लिहिलंय, की तुम्ही मला टाकून दिलंत. हे खरं आहे का?

समोर पारास्कीवा नुसत्या पायमोज्यांनिशी बसलेली होती. वाचून दाखवताना आजवर कधी केलं नव्हतं ते बाईंनी केलं. कागदावर नसलेला शब्द वाचला.

"ती विचारते, 'माझ्या कागदात लिहिलंय की तुम्ही मला पाळणाघरात ठेवून आलात. हे खरं आहे का?'"

दयेपोटी केलं, असं त्यांनी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. दया थोडी होतीही. पण जास्त होती ती भीती. हा शब्द तिच्यापर्यंत गेला तर ती विचारणार, असं कुणी लिहिलं.

पारास्कीवानं मोकळा रुमाल मांडीवर सरळ केला. मग तिनं त्या वर्षाचं सांगितलं, बाईंना नाही, टेबलाच्या कडेला सांगावं तसं. आमच्या भागात तेव्हा बाळ हिवाळ्याला ठेवायची पद्धतच होती. पाळणाघर सरकारी, कळकट, पण तिथे कोळसा यायचा आणि दूध यायचं, आणि खेड्यातल्या घरात दोन्ही नसायचं. नोव्हेंबरात बाया बाळं गुंडाळून आणत, तिथल्या दाईच्या हातात देत आणि ईस्टर झाला की परत नेत. काही जणी येत नसत, तेही खरं. पण बहुतेक येत. त्यासाठी कुणी सही घेत नसे की चिठ्ठी देत नसे. कुणाचं बाळ कुठलं ते दायांना पाठ असायचं. पारास्कीवाचा नवरा त्या वर्षी छातीच्या दुखण्यानं इस्पितळात होता, आणि लाकडं संपली होती. ओतिलिया दोन महिन्यांची होती, आणि तिला खोकला झाला होता.

"ईस्टरनंतरच्या सोमवारी गेले मी," ती म्हणाली. "दायांसाठी ईस्टरचा गोड पाव, कोझोनाक केला होता. साखर शेजारणीकडून आणली. तर तिथे नव्याच बाया. म्हणाल्या, कुठलं बाळ, चिठ्ठी कुठाय? मी म्हटलं, चिठ्ठी कसली, मी पारास्कीवा, मागच्या वर्षी माझा थोरला नव्हता का इथे. मग एकीनं वही काढली, म्हणाली, ते गेलं विमानानं. मी पाव तसाच परत घेऊन आले. घरात कुणी त्याला हात लावला नाही. शेवटी कोंबड्यांना घातला."

बाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. हेच सगळं लिहू या, त्या म्हणाल्या. खोकला, लाकडं, ईस्टरचा सोमवार, सगळं. तुझ्या लेकीला हेच तर हवंय. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि हे सगळं लिहिलं तर तो शब्द आपोआप खोटा पडेल, आपल्याला काही बोलावं लागणार नाही, असाही एक हिशेब त्यात होता.

पारास्कीवानं नाही म्हणून मान हलवली. मोठे उपास चालू होते. ईस्टरच्या आधीच्या त्या सात आठवड्यांत आमच्याकडे माणूस पाद्रीसमोर गुडघे टेकतं, पाद्री त्याच्या डोक्यावर आपल्या गळ्यातलं लांब वस्त्र धरतो आणि माणूस म्हणतं, मी चुकलो. बस्स. का चुकलो हे सांगायचं नसतं. जो कारणं सांगायला लागतो त्याला पाद्री तिथेच थांबवतो, की बाबा, ही माफी नाही, ही वकिली झाली. लहानपणापासून सगळ्यांच्या अंगात हे मुरलेलं असतं. दुसऱ्या देशात वाढलेल्या मुलीला ते कुठून कळणार, हा विचार पारास्कीवाच्या मनात आला नाही. बाईंच्या मनात आला.

"तिनं एक विचारलं, मी एकाचं उत्तर देईन," पारास्कीवा म्हणाली. "लेकीपुढे मी लाकडं नव्हती म्हणून रडत बसू? लिहा. हे खरं आहे. मी तुला ठेवून आले. मी चुकले. मला माफ कर. खाली माझं नाव लिहा, आणि आई लिहा. नाहीतर आई नको. नाव पुरे."

बोलायची वेळ हीच होती. खिडकीबाहेर नोटरीची मोटार चिखलात रुतली होती आणि दोन माणसं ती ढकलत होती, ते बाई बघत राहिल्या. मग त्यांनी टाइप केलं. 'ठेवून आले'ला त्यांनी 'लेफ्ट' वापरला, अगदी बरोबर शब्द. पण त्याच्या आधी 'हे खरं आहे' होतं, आणि ज्या प्रश्नाचं ते उत्तर होतं त्यात शब्द दुसरा होता. एकही अक्षर पदरचं नव्हतं. त्यांनी शिक्का मारला. घरगुती पत्राला शिक्का लागत नाही, तरी मारला. परतीचा पत्ता कचेरीचाच दिला. अंडी ठेवून पारास्कीवा गेली, आणि बाईंनी ती अंडी खाल्ली नाहीत.

उत्तर यायला चार आठवडे लागले. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सकाळी पोस्टमननं पाकीट आणून दिलं. बाईंनी ते उभ्यानंच फोडलं. पत्र लहान होतं. खरं सांगितल्याबद्दल आभार. उत्तर वेगळं येईल अशी वेडी आशा होती, ती माझी चूक. एकदा तरी कुणी मला न्यायला आलं होतं का, हे विचारणार होते, आता विचारायची गरज नाही. मी तुम्हाला माफ केलं आहे. मी पुन्हा लिहिणार नाही, आणि तुम्हीही लिहू नये. मला हे इथे मिटवायचं आहे.

बाई खुर्चीत बसल्या. न्यायला आलं होतं का, हे वाक्य त्यांनी कितीदा वाचलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रडू आलं, आणि आलेलं रडू त्यांनी आवरलं नाही. बत्तीस वर्षं त्यांनी त्या मुलीला उबदार घर दिल्याचा अभिमान बाळगला होता. घर खरंच उबदार होतं. आणि त्या घरातल्या कपाटात, मुलीच्या उशापाशी, त्यांचा शब्द ठेवलेला होता.

त्याच दुपारी पारास्कीवा आली. त्या दिवशी आमच्याकडे घराघरांत कोझोनाक भाजतात, तसा एक अजून कोमट असलेला पाव ती फडक्यात बांधून घेऊन आली होती. पोस्टमन म्हणाला, पाकीट आलंय. तिच्या चेहऱ्यावर इतकं काही होतं, की बाईंना तिच्याकडे बघवेना.

"बस पारास्कीवा," त्या म्हणाल्या. "आज वाचायच्या आधी मला काही सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. न्यायाधीश, तुदोसे, डिक्शनरी, त्रेचाळीस फायली, सगळं. मार्चमध्ये काय वाचायचं होतं आणि काय वाचलं, तेही सांगितलं. मग आलेलं पत्र वाचलं, या वेळी जसंच्या तसं. पारास्कीवानं पाव मांडीवर धरून ठेवला होता.

"म्हणजे तिनं विचारलं, मला टाकलंस का," ती म्हणाली. "आणि मी म्हटलं, हो."

"हो."

"आणि तुम्हाला तिथे बसल्या बसल्या ठाऊक होतं."

"होतं."

"मी लाकडांचं सांगत होते तेव्हाही?"

"तेव्हाही," बाई म्हणाल्या. तिनं ओरडावं, शिव्या द्याव्या, पाव उचलून फेकावा असं त्यांना वाटत होतं. पारास्कीवानं तसलं काही केलं नाही. तिनं दोन्ही शब्द इंग्रजीत म्हणून दाखवायला सांगितले. बाईंनी म्हटले. पुन्हा म्हणा, ती म्हणाली. बाईंनी पुन्हा म्हटले. "ऐकायला तर काहीच सारखे नाहीत," पारास्कीवा म्हणाली.

मग ती उठली आणि पाव टेबलावर ठेवला. बाई म्हणाल्या, अगं, हा घेऊन जा, माझ्यासाठी कशाला.

"परत नेत नाही," ती म्हणाली. "एकदा नेला होता."

दारात बूट घालताना ती थांबली. एक बूट पायात, एक हातात. "माझी माफी मागून झाली, बाई. तुमची तुम्ही मागा. तुमच्या नावानं लिहा, माझ्या नाही. आणि कारणं सांगायची असतील तर सगळी सांगा. ती तिकडची आहे. तिला कारणं लागतील."

बाईंना ते पत्र लिहायला चार दिवस लागले. आयुष्यभर त्यांच्यासमोर दुसऱ्यानं लिहिलेला कागद असायचा, आणि आता काहीच नव्हतं. चर्चच्या घंटा वाजल्या, लोक ईस्टरची लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडत रस्त्यानं गेले, आणि बाई एकेक वाक्य लिहून खोडत बसल्या. शेवटी जे उरलं ते साधं होतं. तुमच्या कागदातला तो शब्द माझा आहे. तुमच्या आईनं तो कधी उच्चारला नाही आणि तुमच्या पत्रातला तो मी तिला वाचूनही दाखवला नाही. तिनं तुम्हाला हिवाळ्यापुरतं ठेवलं होतं. ईस्टरनंतरच्या सोमवारी ती तुम्हाला न्यायला आली होती, हातात गोड पाव घेऊन. तुम्हाला नेलं गेलं त्याला तेव्हा महिना झाला होता. हे पत्र त्यांनी डिक्शनरी न उघडता लिहिलं, आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

त्यानंतर दर सोमवारी पारास्कीवा यायची. इकडे दही विकायला यायचंच असतं, असं सांगायची. बूट दाराशी काढायची, खुर्चीवर बसायची, आता जरा मागे टेकून. दोघी फार बोलत नसत. नातीचं नाव काय असेल यावर एकदा बराच वेळ बोलणं झालं. पारास्कीवाच्या आईचं नाव सावेता होतं, पण ते तिकडे कोण ठेवणार. एकदा तिनं विचारलं, बाकीच्या बेचाळीस जणांचं काय. बाई म्हणाल्या, नावं आठवतील तेवढी लिहून काढतेय, एकोणीस झाली.

मेच्या शेवटी पाकीट आलं. पोस्टमननं ते टेबलावर ठेवलं आणि नेहमीसारखा गप्पा मारायला न थांबता निघून गेला. ते बाईंनीच पाठवलेलं पाकीट होतं, चिकटवलेलं तसंच. वर निळ्या शाईत हातानं दोन ओळी होत्या. बाईंनी ते सोमवारपर्यंत तिथेच राहू दिलं, हलवलं नाही.

पारास्कीवानं ते आल्या आल्या पाहिलं. "काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

थोडं मऊ करून सांगता आलं असतं. घर बदललंय, पत्ता चुकला, असं काहीही. बाईंनी चष्मा घातला आणि वाचलं. "'न उघडता परत. कृपया पुन्हा पाठवू नये.'"

"असंच आहे?"

"असंच आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"अक्षर तिचंच?"

"तिचंच. पत्राखालच्या सहीसारखं."

पारास्कीवानं पाकीट ओढून घेतलं आणि त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा. सही सोडली तर लेकीच्या हातचं तिच्याकडे आलेलं तेवढंच होतं. पत्रं तर कॉम्प्युटरवर छापलेली होती. तिचे डोळे भरून आले आणि वाहायला लागले. ती ते पुसत नव्हती. बाई उठून तिच्याजवळ गेल्या, पण हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या.

"हे तुमच्याकडे राहू दे," पाकीट बाईंकडे सरकवत पारास्कीवा म्हणाली. "माझ्या घरात उंदीर आहेत. आणि माझं काय, आज आहे उद्या नाही. तुमचं नाव तिच्या कागदावर आहे, तुमचा पत्ता तिच्या पाकिटावर आहे. आली तर इथेच येईल."

"आणि नाही आली तर?"

"न्यायला यायला माणसाला उशीर होतो, बाई," ती म्हणाली. "तुम्ही फक्त टाकू नका. ठेवा."

ठेवते, बाई म्हणाल्या. त्यांनी पाकीट शिक्क्याच्या खणात, अगदी तळाशी ठेवलं. त्यांना वाटलं आता ती उठेल, बसची वेळ झाली होती. पण पारास्कीवा तशीच बसून राहिली, हात पुढे करून.

"चिठ्ठी द्या," ती म्हणाली.

"कसली?"

"ठेवल्याची. तेव्हा मी मागितली नव्हती."

बाईंनी कचेरीचा कागद घेतला, ज्याच्यावर त्यांचं नाव आणि पत्ता छापलेला होता, आणि पेनानं लिहिलं. लिहून झाल्यावर पारास्कीवा म्हणाली, वाचून दाखवा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. बाईंनी वाचलं. पारास्कीवा हिने आज माझ्याकडे एक बंद पत्र ठेवले आहे. तिची मुलगी ओतिलिया न्यायला येईपर्यंत. खाली तारीख, सही. मग त्यांनी शिक्का मारला, आणि तो नीट उमटला नाही असं वाटून पुन्हा एकदा मारला.

पारास्कीवानं शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. मग त्याची घडी केली, रुमालात बांधली, रुमाल कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात दाबून धरत ती बसस्टँडकडे गेली.